तुरुंगाच्या भिंती आणि तुरुंगाचे दार : न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटाचा धडा

तुरुंगात गर्दी झाली, कर्मचारी कमी पडले, एखादा कैदी आत मेला आणि वर्तमानपत्रात बातमी आली की आपल्याकडे ठरलेली घोषणा होते : नवे कारागृह बांधू, नवी भरती करू. आपल्यातील अनेकांना ही घोषणा म्हणजे सुधारणा वाटते. आपण जिल्हाधिकाऱ्यांना देतो त्या निवेदनातही पुष्कळदा हीच मागणी असते. ती मागणी किती पुरी पडते, हे तपासण्यासाठी आम्ही या लेखात एका शहराचा इतिहास मांडणार आहोत. या शहराने हा उपाय जवळजवळ नव्वद वर्षे करून पाहिला. त्याच्याकडे पैसा होता, कायदेपंडित होते, जागरूक वर्तमानपत्रे होती. तरीही तुरुंग सुधारला नाही. ते शहर म्हणजे न्यूयॉर्क आणि तो तुरुंग म्हणजे रायकर्स बेट.

न्यूयॉर्कच का? हे शहर आपल्याला परके नाही. १९१३ च्या जुलै महिन्यात बाबासाहेब याच शहरात उतरले आणि १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम आहे आणि त्याच वर्षांत हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून आकार घेत होती. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागवली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. त्यांची लढाई आणि आपली लढाई या दोन बहिणी आहेत. म्हणून त्यांच्या तुरुंगाचा इतिहास आपण आपल्यासाठी वाचला पाहिजे.

हा तुरुंग कोणाचा?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. अमेरिकेत तुरुंग दोन प्रकारचे असतात. मोठी शिक्षा झालेल्यांना राज्याच्या तुरुंगात ठेवतात. ज्यांचा खटला अजून चालायचा आहे किंवा ज्यांना थोड्या दिवसांची शिक्षा झाली आहे, त्यांना स्थानिक तुरुंगात ठेवतात. हा स्थानिक तुरुंग बहुतेक ठिकाणी काउंटीचा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचा असतो. न्यूयॉर्क शहरात पाच काउंट्या सामावलेल्या आहेत आणि तिथला तुरुंग शहराचे स्वतःचे खाते चालवते. म्हणजे त्याची जबाबदारी महापौराची आणि नगर परिषदेची.

आज त्या तुरुंगातील सुमारे ८५ टक्के लोक कच्चे कैदी आहेत. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष आहेत. सुमारे ९० टक्के कैदी कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो आहेत. कृष्णवर्णीय हे शहराच्या लोकसंख्येत चौथ्या हिश्श्याहूनही कमी, पण या तुरुंगात निम्म्याहून अधिक. हा योगायोग आहे का?

बेटाचे नाव आणि बेटाचा जन्म

बेटाचे नाव रायकर या डच वंशाच्या जमीनदार घराण्यावरून पडले. याच घराण्यातील रिचर्ड रायकर हा एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कचा मोठा न्यायिक अधिकारी होता. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये मुक्त असलेल्या कृष्णवर्णीयांना 'पळून आलेले गुलाम' ठरवून दक्षिणेत पाठवले जात असे. या अपहरणाच्या धंद्याला रायकरच्या खुर्चीचा आधार आहे, असा उघड आरोप गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी तेव्हाच केला होता. ज्या घराण्यावर हा डाग आहे, त्याचे नाव आज शहराच्या सर्वांत मोठ्या तुरुंगाला आहे.

१८८४ साली शहराने हे बेट १ लाख ८० हजार डॉलरला विकत घेतले. तेव्हा ते शंभर एकरांपेक्षाही लहान होते. शहराचा कचरा आणि राख तिथे टाकून, कैद्यांच्या हातांनी भराव घालून ते चारशे एकरांच्या वर वाढवले गेले. शहराला नको असलेला कचरा आणि शहराला नको असलेली माणसे, दोन्ही एकाच बेटावर. आपल्याकडे महारवाडा गावाच्या कोणत्या दिशेला असे आणि मेलेली ढोरे कुठे टाकली जात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको.

पण बेटावर तुरुंग उभा राहिला तो सुधारणेच्या नावाने, हे ध्यानात ठेवा. आधी शहराचा तुरुंग ब्लॅकवेल बेटावर होता. तो जुना, कोंदट आणि गच्च भरलेला होता. १९३४ च्या जानेवारीत नवे महापौर ला गार्डिया यांच्या तुरुंग आयुक्तांनी, ऑस्टिन मॅककॉर्मिक यांनी, त्यावर छापा घातला. आत टोळ्यांच्या म्होरक्यांचे राज्य होते आणि गरीब कैदी उपाशी होते. देशभर बातमी गाजली. उपाय काय? जुना तुरुंग पाडायचा आणि रायकर्स बेटावरच्या नव्या, आधुनिक, आदर्श तुरुंगात सगळ्यांना न्यायचे. आदर्श तुरुंग! हा शब्द या इतिहासात पुन्हा पुन्हा येणार आहे.

उत्तर १९६१ सालीच सापडले होते

१९५० च्या दशकात शहराचे सगळे तुरुंग पुन्हा भरून वाहू लागले. आत असलेले लोक कोण होते? ज्यांच्याकडे जामिनाचे पैसे नव्हते ते. १९६१ साली लुई श्वाइट्झर आणि हर्बर्ट स्टर्झ यांनी व्हेरा फाउंडेशनमार्फत मॅनहॅटनच्या कोर्टात एक साधा प्रयोग सुरू केला. कायद्याचे विद्यार्थी अटक झालेल्या माणसाला भेटत. त्याला विचारत : राहतोस कुठे? किती वर्षांपासून? घरी कोण आहे? काम काय करतोस? उत्तरांची खातरजमा करत आणि न्यायाधीशाला सांगत की या माणसाची मुळे याच शहरात आहेत, हा पळून जाणार नाही, याला पैसे न घेता जातमुचलक्यावर सोडा.

तीन वर्षांत हजारो माणसे अशी सुटली. तारखेला न आलेल्यांचे प्रमाण फक्त १.६ टक्के निघाले. म्हणजे तारखेला हजर राहण्याचा आणि खिशातल्या पैशाचा संबंध जवळजवळ नव्हता. या प्रयोगाच्या बळावर १९६६ साली अमेरिकेच्या संघराज्याचा जामीन सुधारणा कायदा झाला.

हा प्रयोग आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतही पोहोचला. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे सडत असलेल्या कच्च्या कैद्यांचे हुसैनआरा खातून प्रकरण न्यायालयापुढे आले, तेव्हा न्या. भगवती यांनी निकालात मॅनहॅटनच्या याच जामीन प्रकल्पाचा दाखला दिला. त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ साली, मोतीराम प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनी एका गवंड्याकडे मागितलेल्या दहा हजारांच्या जामिनावर ताशेरे ओढले होते. त्या गवंड्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता, पण तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून दंडाधिकाऱ्याने त्याला नाकारले होते.

म्हणजे इथेही आणि तिथेही उत्तर कागदावर आले होते. मग तुरुंग रिकामे का झाले नाहीत?

१९७० : कैद्यांनी स्वतः केलेले निदान

कारण खालच्या कोर्टांनी ते उत्तर वापरलेच नाही. मॅनहॅटनमधला शहराचा तुरुंग 'टूम्ब्स', म्हणजे थडगी, या नावाने ओळखला जाई. १९७० साली साधारण नऊशे माणसांच्या जागेत तिथे दोन हजारांच्या आसपास माणसे कोंबली होती. एकाच्या कोठडीत दोघे-तिघे. त्याच काळात ब्लॅक पँथरचे न्यूयॉर्कमधील एकवीस कार्यकर्ते खटल्यात अडकले होते आणि त्यांना प्रत्येकी एक लाख डॉलरचा जामीन लावला होता. त्यांतले बहुतेक दीर्घकाळ आत राहिले. १९७१ च्या मे महिन्यात ज्यूरीने आरोपींना सर्व आरोपांतून निर्दोष सोडले. पण आत गेलेला काळ परत कोण देणार? संघटना तोपर्यंत खिळखिळी झाली होती. शिक्षा न देता शिक्षा देण्याचे हे तंत्र आपल्याला नवे आहे का?

१९७० च्या ऑगस्टमध्ये टूम्ब्समध्ये आणि ऑक्टोबरमध्ये शहराच्या इतर तुरुंगांत कैद्यांनी बंड केले. पहारेकऱ्यांना ओलीस धरले. बंडाचे मार्ग आम्हाला मान्य असण्याचा प्रश्न नाही. त्यांच्या मागण्या मात्र वाचल्या पाहिजेत. नव्या इमारतीची मागणी त्यांच्या तोंडी पहिली नव्हती. ते म्हणत होते की आमचा जामीन फिरून तपासा, आमचे खटले चालवा, आम्हाला मारहाण थांबवा. क्वीन्समधल्या तुरुंगात तर न्यायाधीशांना आत येऊन कैद्यांचे जामीन तपासावे लागले आणि काही जण त्याच दिवशी सुटले. काल ज्याला सोडणे 'धोक्याचे' होते, तो आज फाईल उघडताच सुटतो. याचा अर्थ त्याची फाईल कोणी उघडलीच नव्हती.

गर्दीचे निदान अनुभवाने शिकलेल्या माणसांनी केले होते. शहराने ते बाजूला ठेवले.

बंद करा आणि बेटावर न्या

टूम्ब्समधील परिस्थिती घटनाबाह्य आहे, असा निकाल १९७४ साली संघीय न्यायाधीश मॉरिस लास्कर यांनी दिला. शहराने काय केले? दुरुस्तीचा खर्च टाळण्यासाठी टूम्ब्सला कुलूप घातले आणि कैद्यांना रायकर्सवर हलवले. शहराच्या मध्यात असलेला तुरुंग कोर्टाच्या, वकिलांच्या, नातेवाइकांच्या आणि पत्रकारांच्या नजरेत होता. बेटावर जायला एकच पूल. भेटीला येणाऱ्या आईचा अख्खा दिवस मोडू लागला. दुसऱ्याच वर्षी शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले, नोकरकपात झाली आणि १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये रायकर्सवरच बंड उसळले.

१९८३ साली लास्कर यांच्या आदेशामुळे शहराला सुमारे सहाशे कच्चे कैदी सोडावे लागले. त्यावर ओरड झाली. महापौर एड कॉच यांनी धडा काढला तो एवढाच की आणखी खाटा हव्यात. मग खाटांचा सपाटा सुरू झाला. जमीन पुरेना म्हणून पाण्यावर तुरुंग आले. जुन्या प्रवासी फेरीबोटी तुरुंग झाल्या. ब्रिटिश सैनिकांना राहायला वापरलेल्या तराफ्यांसारख्या बोटी आणून नदीकाठी बांधल्या. १९९२ साली आठशे खाटांची एक नवीकोरी तुरुंग-बोट ब्राँक्सच्या किनाऱ्याला उभी राहिली. तात्पुरती सोय म्हणून आणलेली ही बोट २०२३ पर्यंत वापरात होती.

दरम्यान दाराकडे काय चालले होते? १९७३ साली राज्यपाल रॉकफेलर यांनी अमली पदार्थांविरुद्ध अत्यंत कठोर कायदे आणले. थोड्याशा मालासाठीही दीर्घ शिक्षा. ऐंशीच्या दशकात गरीब वस्त्यांत धरपकड वाढली. जितक्या खाटा वाढल्या, तितके लोक आत आले. १९९१ साली शहराच्या तुरुंगांतील कैद्यांची संख्या २१ हजारांच्या वर गेली. भिंती वाढवणारे आणि दार सताड उघडे टाकणारे एकाच वेळी काम करत असतील, तर भिंती कधीच पुऱ्या पडणार नाहीत. हे समजायला मोठे गणित लागत नाही.

कर्मचारी कमी होते का?

आता दुसऱ्या रोगाकडे येऊ. कर्मचाऱ्यांची टंचाई. २०२१ साली रायकर्सची अवस्था जगासमोर आली. कोठड्यांच्या इमारतींत पहारेकरीच नाहीत, कैद्यांना दवाखान्यात नेणारे कोणी नाही, जेवण वेळेवर नाही, नव्याने आलेले लोक स्वागतकक्षात दिवसेंदिवस मलमूत्रात पडून. त्या वर्षी १६ जणांचा मृत्यू झाला, पुढच्या वर्षी १९ जणांचा.

कोणीही म्हणेल, भरती करा. पण त्या वेळी गणवेशधारी कर्मचाऱ्यांची संख्या कैद्यांच्या संख्येपेक्षा जास्त होती! शहराच्या लेखापरीक्षण प्रमुखांच्या हिशेबानुसार २०२१ च्या आर्थिक वर्षात एका कैद्यामागे वर्षाला ५ लाख ५६ हजार ५३९ डॉलर खर्च होत होते. मग पहारेकरी गेले कुठे? रजेला मर्यादा नव्हती. सुमारे एक तृतीयांश कर्मचारी आजारपणामुळे, वैद्यकीय सवलतीमुळे किंवा न सांगता कामावर उपलब्ध नव्हते. जे येत होते त्यांच्यावर सलग दोन-दोन, तीन-तीन पाळ्यांचा बोजा पडत होता. त्यांचेही हाल झाले, हे आम्ही नाकारत नाही. तरी टंचाई माणसांची नव्हती, कारभाराची होती. १९९० साली याच खात्याच्या पहारेकऱ्यांनी बेटाचा पूल अडवून धरला होता आणि कैद्यांवर बळ वापरण्यावरचे निर्बंध सैल करण्याची मागणी केली होती. जिथे संघटित कर्मचाऱ्यांची ताकद कैद्याच्या हक्कापेक्षा मोठी होते, तिथे भरतीचा आकडा काही बदलत नाही.

आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या खात्यातील बहुसंख्य पहारेकरी स्वतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहेत. तरी मारहाणीची संस्कृती गेली नाही. प्रतिनिधित्व हा आपला हक्क आहे, त्यावर तडजोड नाही. पण आपला माणूस गणवेशात गेला म्हणजे गणवेश आपला झाला, असे समजणे भाबडेपणाचे आहे. व्यवस्थेचे नियम बदलले नाहीत, तर ती आपल्या माणसाकडूनच आपल्या माणसाला मारून घेते.

एक दफ्तर आणि तीन वर्षे

हे सगळे आकडे एका मुलाच्या आयुष्यात कसे उतरले ते पाहा. कलीफ ब्राउडर, ब्राँक्समधला सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. २०१० च्या मे महिन्यात त्याला पाठीवरचे दफ्तर चोरल्याच्या आरोपाखाली पकडले. जामीन लागला तीन हजार डॉलरचा. घरच्यांना तो भरता आला नाही. पुढे, तो आधीच्या एका प्रकरणात देखरेखीखाली असल्याचे कारण देऊन जामीनच बंद केला गेला. खटल्याच्या तारखा पडत राहिल्या. गुन्हा कबूल कर, घरी जा, असे त्याला सांगितले गेले. त्याने नकार दिला, कारण आपण चोरी केली नाही असे तो सांगत होता. तीन वर्षे तो रायकर्सवर राहिला. त्यातली जवळजवळ दोन वर्षे एकांतकोठडीत. २०१३ साली खटला काढून टाकण्यात आला. २०१५ च्या जूनमध्ये त्याने घरी आत्महत्या केली.

या मुलाला कोणत्या न्यायालयाने शिक्षा दिली होती? कोणत्याही नाही.

दार बंद केल्यावर काय झाले?

कलीफच्या मृत्यूनंतर शहर हलले. स्वतः तुरुंगात राहून आलेल्या माणसांच्या पुढाकाराने रायकर्स बंद करण्याची मोहीम उभी राहिली. निवृत्त मुख्य न्यायाधीश जोनाथन लिपमन यांच्या आयोगाने २०१७ साली बेट बंद करण्याची शिफारस केली. महापौर बिल द ब्लासिओ यांनी ती तत्त्वतः मान्य केली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये नगर परिषदेने ठराव केला : रायकर्स बंद करायचे आणि चार विभागांत कोर्टांजवळ चार लहान तुरुंग बांधायचे. त्यालाही काही कार्यकर्त्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे होते की नवा आदर्श तुरुंग म्हणजे पुढचा रायकर्स. १९३४ चा इतिहास पाहता त्यांना खोटे कसे ठरवायचे?

त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने जामिनाचा कायदा बदलला. १ जानेवारी २०२० पासून बहुतेक किरकोळ आणि अहिंसक गुन्ह्यांसाठी पैशाचा जामीन बंद झाला. या बदलाच्या तयारीतच तुरुंग रिकामे होऊ लागले आणि करोना आल्यावर आणखी लोकांना सोडले गेले. २०२० च्या एप्रिलअखेर शहराच्या तुरुंगांत चार हजारांहून कमी लोक होते. १९९१ मध्ये २१ हजार, २०२० मध्ये चार हजार! ठरवलेल्या चार नव्या तुरुंगांपैकी एकही तोवर बांधला गेला नव्हता.

मग पुन्हा काय झाले? गुन्हे वाढल्याची हाकाटी झाली आणि जामिनाचा कायदा २०२०, २०२२ आणि २०२३ अशा तीन वेळा मागे खेचला गेला. करोनानंतर कोर्टे संथ चालली. २०२५ पर्यंत कैद्यांची संख्या सात हजारांच्या घरात गेली. चार नव्या तुरुंगांचा खर्च पावणेनऊ अब्ज डॉलरवरून पंधरा अब्जांच्या पुढे गेला आणि कायद्याने ठरलेली २०२७ ची मुदत पाळणे अशक्य होऊन बसले. मारहाणीविरुद्धच्या खटल्यात २०१५ पासून न्यायालयाचा निरीक्षक नेमलेला होता, तरी सुधारणा झाली नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायाधीश लॉरा स्वेन यांनी शहराला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले आणि २०२५ च्या मे महिन्यात तुरुंगाचा कारभार सुधारण्यासाठी बाहेरचा अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. निवडून आलेल्या शहर सरकारच्या हातून तुरुंगाचा बराचसा ताबा गेला.

आपल्या अंगणात

आता घराकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के कैदी होते आणि शंभरातले सुमारे ७६ कच्चे कैदी होते. तुरुंग खात्यातील मंजूर पदांपैकी सुमारे तीस टक्के रिकामी होती. कैद्यांत साधारण दर पाचवा माणूस अनुसूचित जातीचा आहे, तर २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा १६.६ टक्के आहे. आत गेल्यावरही जात सुटत नाही. तुरुंगाच्या नियमपुस्तिकांत झाडलोट आणि संडास साफ करण्याची कामे जातीवरून वाटली होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढायला सांगितले. प्रजासत्ताकाला तिथवर पोहोचायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. भीमा कोरेगाव प्रकरणातील वयोवृद्ध फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कच्चे कैदी म्हणूनच गेले. या दोघांना वाचवायला मोठी इमारत लागत नव्हती.

इथे एक आक्षेप येईल आणि तो आपल्याच लोकांकडून येईल. अॅट्रॉसिटीच्या आरोपींना अटकपूर्व जामीन मिळू नये यासाठी आपण लढतो, मग जामीन सोपा करा असे कसे म्हणता? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की कसोटी कोणती, यावर सगळे अवलंबून आहे. बाहेर सुटल्यावर आरोपी फिर्यादीला, साक्षीदारांना धमकावेल का, ही कसोटी न्याय्य आहे आणि अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १८ त्याच अनुभवातून आले आहे. पैशाची कसोटी मात्र नेमकी उलटी चालते. गावातल्या सवर्ण आरोपीला सातबारा घेऊन चार जामीनदार संध्याकाळपर्यंत मिळतात आणि तो फिर्यादीच्या दारावरून मिरवत जातो. भूमिहीन मातंग किंवा पारधी पोराला मोबाईल चोरीच्या आरोपात जामीन मंजूर होऊनही ऐपतदार जामीनदार मिळत नाही, म्हणून तो आत राहतो. पैशाचा जामीन आपल्याला दोनदा मारतो : आपण आरोपी असताना आणि आपण फिर्यादी असतानाही.

मग करायचे काय?

आम्ही नव्या इमारतींच्या विरोधात नाही. माणसाला झोपायला सहा फूट जागा मिळालीच पाहिजे. पण निवेदनातील पहिली मागणी इमारतीची नसावी, दाराची असावी. त्यासाठी लागणारी हत्यारे कायद्यातच आहेत.

पहिले : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ काढलेल्याला, सोडण्याची ही तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. जुन्या खटल्यांतील कैद्यांनाही ती लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. मुदत भरताच कोर्टाकडे अर्ज करणे हे तुरुंग अधीक्षकाचे कर्तव्य आहे. त्याने ते केले का, हे कोणी विचारते का?

दुसरे : त्याच कलमातला सापळा. एकापेक्षा जास्त प्रकरणे प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. आंदोलन करणाऱ्या कार्यकर्त्यावर एकाच दिवसाचे तीन-तीन गुन्हे का नोंदवले जातात, ते यातून उमगेल. या पोटकलमाविरुद्ध आवाज उठवला पाहिजे.

तिसरे : प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती असते. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तिचे सदस्य असतात. तिच्या बैठका कधी झाल्या, किती नावे सुचवली, किती सुटले, हे माहिती अधिकारात विचारा. न्यूयॉर्कमध्ये फाईल उघडायला बंड करावे लागले. आपल्याकडे दहा रुपयांचा अर्ज आहे.

चौथे : गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्र सरकारची २०२३ ची योजना आहे. कच्च्या कैद्यासाठी जामिनाची रक्कम त्यातून भरता येते. आपल्या वस्तीतील किती जणांना ती माहीत आहे?

पाचवे, आणि हे सर्वांत सोपे : आपल्यात आज कायदा शिकणारी हजारो मुले-मुली आहेत. १९६१ साली मॅनहॅटनमध्ये विद्यार्थ्यांनी जे केले, त्यासाठी वही, पेन आणि कोर्टाच्या आवारात बसायची तयारी एवढेच लागले. राहतोस कुठे, घरी कोण आहे, काम काय करतोस. एवढे लिहून, तपासून वकिलाच्या आणि न्यायाधीशाच्या हाती दिले तरी कित्येक पोरे जातमुचलक्यावर घरी येतील. 'शिका' आणि 'संघटित व्हा' यांचा हा रोजचा, साधा अर्थ आहे.

न्यूयॉर्कने ब्लॅकवेल बेट सोडून रायकर्स बांधले, टूम्ब्स बंद करून रायकर्स फुगवले, जमीन संपल्यावर बोटी आणल्या आणि आता रायकर्स बंद करण्यासाठी अब्जावधी डॉलर मोजून चार तुरुंग बांधत आहे. गर्दी खरोखर ओसरली ती १९७० मध्ये क्वीन्सच्या तुरुंगात फाईल उघडली त्या दिवशी थोडीशी आणि २०२० मध्ये पैशाची अट काढली तेव्हा मोठ्या प्रमाणात. येत्या महिन्यात आपल्या जिल्ह्याच्या कारागृहाबद्दल निवेदन लिहिताना हे समोर ठेवा. पहिल्या ओळीत विचारा : आत असलेल्यांपैकी किती जणांचा जामीन मंजूर झाला आहे आणि तरीही ते आत का आहेत?

जय भीम!